कोपऱ्यावरचा ढीग : २४ जानेवारी २०१६, जॅक्सन हाइट्समधली रविवारची खरेदी

२२ जानेवारी २०१६ च्या रात्री न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेला बर्फ २३ तारखेच्या रात्री उशिरा थांबला. सेंट्रल पार्कमध्ये २७.५ इंचांची नोंद झाली. तिथे १८६९ पासून नोंदी ठेवल्या जातात आणि एका वादळाचा एवढा मोठा आकडा त्यांत दुसरा नाही. शहराच्या आमच्या भागात, म्हणजे क्वीन्समध्ये (जॅक्सन हाइट्स इथलंच) बर्फ याहून कमी नव्हता. केनेडी विमानतळावर तर तो ३० इंचांच्या पुढे गेला.

वादळाच्या बातम्या तेव्हा भरपूर आल्या. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांमध्ये मात्र दोनच चित्रं होती: सेंट्रल पार्कात घसरगुंडी खेळणारी मुलं आणि फावड्याने गाडी उकरून काढणारी माणसं. त्याच दिवशी घरातलं दूध संपलं म्हणून, औषध आणायचं म्हणून किंवा संध्याकाळी चार माणसं येणार म्हणून हजारो लोक पिशव्या घेऊन बाहेर पडले होते. मोठ्या शहराचं रोजचं जगणं अशा खरेदीवर चालतं. म्हणून मी इथे एकच उदाहरण घेऊन खोलात जाणार आहे: जॅक्सन हाइट्समधल्या एका मराठी घराची त्या रविवारची खरेदी. दुकान उघडं होतं, बराचसा माल होता, वर ऊन पडलं होतं, घ्यायची तयारी आणि पैसे दोन्ही होते. तरीही ती खरेदी होता होता राहिली असती. जिथे ती अडत होती ती जागा जेमतेम चार-पाच फुटांची आहे, आणि तिच्याकडे शहराचं पुरेसं लक्ष नाही असं माझं ठाम मत आहे.

घर, यादी आणि अंतर

आमच्या मजल्यावरच्या काकूंकडे दर वर्षी हळदीकुंकू असतं. त्या वर्षी संक्रांत १५ जानेवारीला होती आणि रथसप्तमी १४ फेब्रुवारीला, म्हणजे मधले शनिवार-रविवार मोकळे होते. परदेशात हळदीकुंकू सुट्टीच्या दिवशीच जमतं. काकूंनी २३ तारखेचा शनिवार धरला होता. वादळाचा इशारा आला तसा त्यांनी तो रविवार संध्याकाळवर ढकलला. पुढच्या आठवड्यावर का नाही, असं मी विचारलं. पुढच्या शनिवारी दुसरीकडचं आहे, त्याच्या पुढच्या शनिवारी तिसरीकडचं, आणि बायका एका दिवशी दोन घरं करत नाहीत, असं त्यांचं सरळ उत्तर होतं.

शुक्रवारी सगळ्या शहराने करायची ती खरेदी केलीच होती. दूध, पाव, अंडी, बॅटऱ्या, मीठ. काकूंचे तीळ, गूळ, हलवा, वाणाच्या स्टीलच्या वाट्या, हळदीकुंकू हे सगळं आठवडाभर आधीच घरात होतं. राहिलं होतं ते ताजं: ओटीचे नारळ, केळी, विड्याची पानं, फुलं, कोथिंबीर, मसाला दुधासाठी जास्तीचं दूध, आणि साबुदाणा संपल्याचं आयत्या वेळी लक्षात आलं म्हणून तो. या गोष्टी आदल्या दिवशीच आणायच्या असतात, आणि तो आदला दिवस वादळाने खाल्ला.

घर ३७ व्या अॅव्हेन्यूवर, ८१ आणि ८२ नंबरच्या रस्त्यांच्या मध्ये. दुकान ७४ व्या रस्त्यावर, रूझवेल्ट अॅव्हेन्यू आणि ३७ व्या अॅव्हेन्यूच्या मधल्या त्या पट्ट्यात, जिथे किराणा, मिठाई, साड्या आणि सोनं अशी सगळी देशी दुकानं खेटून उभी आहेत. अंतर पाऊण किलोमीटरही नाही. एरवी काकू तारेच्या जाळीची चाकांची गाडी ओढत एकट्या जाऊन येतात. न्यूयॉर्कमध्ये ज्यांच्याकडे मोटार नाही त्यांचं सगळं घर या गाडीवर चालतं. २० पाउंडांची कणीक, गॅलनभर दूध, कांदे-बटाटे, सगळं एका खेपेत येतं आणि गुडघ्यांवर भार पडत नाही.

काकूंचे दोन्ही गुडघे दुखरे. हा तपशील मी मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. माझ्या वयाच्या धडधाकट माणसाला त्या दिवशी फार त्रास झाला नसता.

दुसरा मार्ग म्हणजे ७ नंबरची गाडी. ८२ व्या रस्त्याच्या स्थानकावर चढायचं आणि पुढच्याच थांब्यावर, ७४ व्या रस्त्याला उतरायचं. ही गाडी इथे रस्त्याच्या डोक्यावरून, लोखंडी पुलावरून जाते. उघड्यावरच्या सगळ्या मार्गांची वाहतूक शनिवारी दुपारी ४ ला बंद झाली होती आणि रविवारी सकाळी ९ नंतर टप्प्याटप्प्याने सुरू होत होती. भुयारातून जाणाऱ्या गाड्या मात्र वादळातही चालू राहिल्या. काकूंसाठी तो प्रश्नच नव्हता, कारण ८२ व्या रस्त्याच्या स्थानकाला तेव्हा लिफ्ट नव्हती, जिनाच होता, आणि जिना बर्फाळ. बस शनिवारी दुपारीच थांबवल्या होत्या आणि रविवारी त्या हळूहळू परतत होत्या. तेव्हा चालतच जायचं होतं, आणि गाडीशिवाय, कारण जाळीच्या गाडीची लहान चाकं बर्फात रुततात. मी पिशव्या धरायला बरोबर निघालो.

सात रस्ते

८१ व्या रस्त्यापासून ७५ व्यापर्यंत जाताना सात रस्ते ओलांडावे लागतात. प्रत्येक ओलांडणीला अलीकडचा कोपरा आणि पलीकडचा कोपरा, म्हणजे चौदा कोपरे.

न्यूयॉर्कच्या नियमाप्रमाणे फुटपाथ साफ करायची जबाबदारी लगतच्या मालमत्तेच्या मालकाची किंवा भाडेकरूची असते. बर्फ रात्री ९ ते सकाळी ७ च्या दरम्यान थांबला तर सकाळी ११ पर्यंत मुदत. दिवसा थांबला तर चार तास. न केल्यास दंड. आम्ही बाहेर पडलो तेव्हा ११ वाजून गेले होते, म्हणजे मुदत संपली होती. आणि खरं सांगायचं तर लोकांनी काम केलं होतं. इमारतींचे सुपर, म्हणजे देखभाल करणारे, पहाटेपासून यंत्रं लावून बसले होते. दुकानदारांनी आपापल्या दारासमोर दोन माणसं शेजारून जातील एवढी वाट काढली होती. एक बंद दुकान आणि एक रिकामा गाळा सोडला तर मधला फुटपाथ बरा होता, बर्फ वितळावा म्हणून मीठही टाकलं होतं. काकूंना तिथे माझा हात धरावा लागला नाही.

कोपऱ्यावर पोचलो की चित्र बदलायचं. फुटपाथ संपतो आणि रस्ता सुरू होतो तिथे कमरेएवढा ढीग. काही ठिकाणी बुटांनी पडलेली एक माणूस जाईल एवढी खाच, काही ठिकाणी टाचा मारून केलेल्या पायऱ्या. पलीकडे उतरलं की काळ्या गाळाचं डबकं, कारण ऊन पडलं होतं, पारा शून्याच्या थोडा वर गेला होता आणि बर्फ सुटायला लागला होता. गटाराची जाळी त्याच ढिगाखाली गाडली गेल्यामुळे पाण्याला जायला वाट नव्हती. डबकं किती खोल आहे ते वरून कळत नाही. माझा बूट एकदा घोट्याच्या वर बुडला.

हा ढीग आभाळातून पडलेला नसतो, तो केलेला असतो. प्लाऊचं, म्हणजे रस्त्यावरचा बर्फ ढकलणाऱ्या गाडीचं, पातं सरळ नसतं, तिरकं असतं. त्यामुळे रस्त्याच्या मधला बर्फ उजवीकडे, कडेला फेकला जातो. सबंध रस्त्याच्या लांबीभर त्याची एक वरंडी तयार होते. जिथे गाड्या उभ्या असतात तिथे ती गाड्यांना लागते, आणि कोपऱ्यावर, जिथे गाडी उभी करायला मनाई असते, तिथे ती नेमकी माणसांच्या वाटेत येते. शिवाय कोपऱ्यावर दोन रस्ते मिळतात, म्हणजे दोन प्लाऊंचा बर्फ. ताजा भुसभुशीत बर्फ एका घनमीटरला साधारण १०० किलो भरतो. ढकलून दाबलेला, माती-मीठ मिसळलेला बर्फ त्याच्या तिप्पट-चौपट सहज भरतो, आणि रात्री गोठला की फावडं त्याच्यावर वाजतं, आत शिरत नाही.

चौथ्या का पाचव्या कोपऱ्यावर आमच्या पुढे एक बाई बाबागाडी घेऊन उभी होती. खाचेतून गाडी जाईना. दोघांनी पुढची चाकं, एकाने मागची उचलून ती पलीकडे नेली. तिच्या मागे निळ्या पोशाखातली एक होम अटेंडंट, कुठल्या तरी म्हाताऱ्या माणसाच्या घरी पाळीवर निघालेली. तिला रविवार-बिविवार नसतो. रस्त्यावर त्या वेळी पायी असलेल्यांमध्ये बायकाच जास्त दिसत होत्या, आणि जवळजवळ प्रत्येकीच्या हातात पिशवी होती.

काकूंना प्रत्येक ढिगावर दोन्ही हात लागत होते. एक माझ्या खांद्यावर, एक दिव्याच्या खांबावर. "जाताना जमलं रे, पण येताना हातात सामान असेल," असं त्या ७७ व्या रस्त्यावर म्हणाल्या. तिथून परत फिरायचा विचार दोघांच्याही मनात आला होता.

दुकानात

७४ वा रस्ता रविवारचा म्हणून ओळखू येत नव्हता. एरवी रविवारी इथे लाँग आयलंड, न्यू जर्सी, कनेटिकटहून कुटुंबं येतात. रविवारी मीटरचे पैसे पडत नाहीत, म्हणून गाडी लावायला जागा मिळेपर्यंत लोक चकरा मारत राहतात. दोसा खायचा, डोळ्यांनी साड्या बघायच्या आणि डिकी भरून किराणा न्यायचा. त्या दिवशी बाहेरगावचं गिऱ्हाईक शून्य. शहरात शनिवारी दुपारी २:३० पासून रविवारी सकाळी ७ पर्यंत वाहनबंदी होती, हडसन नदीवरचे पूल आणि बोगदेही बंद केले होते, लाँग आयलंडची रेल्वे थांबली होती. बंदी उठल्यावरही आपली गाडी उकरून काढून कोण क्वीन्सला येणार? आणि आला तरी ती लावणार कुठे?

त्या वाहनबंदीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: ती योग्य होती. आदल्या वर्षी, जानेवारी २०१५ मध्ये, मोठ्या वादळाच्या अंदाजावर भुयारी गाड्यांसकट सगळं बंद केलं आणि सेंट्रल पार्कात १० इंचही बर्फ पडला नाही. त्यावरून खूप टीका झाली होती. तरी २०१६ मध्ये पुन्हा बंदीचा निर्णय घ्यायला धीर लागतो. रस्ते रिकामे राहिले म्हणून प्लाऊ फिरू शकले. डिसेंबर २०१० मध्ये नाताळच्या दुसऱ्या दिवशी २० इंच पडला तेव्हा असं केलं नव्हतं. शेकडो बस रस्त्यांत रुतल्या, त्यांच्यामागे रुग्णवाहिका आणि प्लाऊ अडकले, आणि बाहेरच्या बरोंमधल्या, म्हणजे मॅनहॅटन सोडून शहराच्या इतर विभागांमधल्या, गल्ल्या दिवसेंदिवस बंद होत्या.

आमच्या दुकानात मात्र त्या बंदीची दुसरी बाजू फळ्यांवर दिसत होती. डाळी, तांदूळ, पिठं, मसाले, लोणची भरपूर. कांदे-बटाटे भरपूर. नारळ होते, केळी होती, जरा हिरवट. कोथिंबिरीचा खोका रिकामा. कढीपत्ता, मेथी, पालक नाही. दही शेवटचे दोन डबे. विड्याची पानं मागून शोधून एक जुडी मिळाली. फुलं नव्हती. जो माल पोत्यांनी आणि खोक्यांनी महिन्याकाठी येतो तो वादळाला घाबरत नाही. जो आठवड्यातून अनेकदा ट्रकने येतो तो दोन दिवसांत संपतो. ब्राँक्समधल्या हंट्स पॉइंटच्या घाऊक बाजारातून भाजी क्वीन्सला यायला एरवी अर्धा-पाऊण तास पुरतो, पण पुलावर ट्रकच नसेल तर ते अंतर मोजून उपयोग नाही. सोमवारी गाडी येईल, असं गल्ल्यावरच्या भाईंनी सांगितलं.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला त्या दिवसाची सगळ्यात महत्त्वाची नोंद वाटते. सकाळपासून गिऱ्हाईक अगदीच कमी नाही, आसपासचे लोक पायी येताहेत, पण प्रत्येक जण हातात मावेल तेवढंच घेतोय. २० पाउंडांचं पीठ कुणी उचललं नाही, चार पाउंडांच्या पिशव्या संपल्या. गॅलनचं दूध शिल्लक, अर्ध्या गॅलनचं संपत आलं. लोकांना गरज होती आणि पैसे होते. बिलाचा आकडा कोपऱ्यावरच्या खाचेने ठरवला होता. दुकानदाराने आपलं दार झाडून, मीठ टाकून सगळं केलं तरी त्याच्या गल्ल्यावर पडणारा परिणाम दोनशे फुटांवरच्या, त्याच्या हातात नसलेल्या ढिगावर अवलंबून होता.

काकूंनीही यादी तिथेच कापली. लाँग आयलंडच्या तिघी आणि जर्सीच्या सगळ्या येणार नाहीत हे फोनवर कळलं होतंच. नारळ निम्मे, केळी एक फणी, साबुदाणा दोन पाउंड, अर्ध्या गॅलनच्या दोन बाटल्या. फुलांऐवजी अत्तराची कुपी. कोथिंबिरीशिवाय खिचडी होते, असं त्यांनी स्वतःलाच बजावलं.

परतीचा कोपरा

आम्ही आत असताना ३७ व्या अॅव्हेन्यूवरून प्लाऊ पुन्हा गेला होता. हे चांगलंच झालं असं कुणीही म्हणेल. गाड्यांसाठी एकाऐवजी दोन पट्टे मोकळे झाले. पण येताना ७६ व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर, जिथे सकाळी कुणीतरी छान रुंद वाट कापली होती, तिथे नवी वरंडी पडली होती. गुडघ्याएवढी, ढेकळांची, धारदार. सकाळी काढलेली वाट होती की नव्हती असं वाटावं अशी बुजलेली.

इथे मी थांबून ज्याला सगळ्या प्रकरणाचा गाभा म्हणतो ते लिहितो. नियमाप्रमाणे मालकाने फुटपाथ साफ करायचा, आणि तो बर्फ रस्त्यात ढकलायचा नाही. महापालिकेच्या स्वच्छता खात्याने रस्ता साफ करायचा, आणि त्याच्या यंत्राला बर्फ कडेला ढकलल्याशिवाय गत्यंतर नाही. मालकाला एक मुदत आहे, ११ वाजताची. प्लाऊला मुदत नाही. तो रात्रभर, दिवसभर, बारा तासांच्या पाळ्यांनी फिरत राहतो आणि फिरायलाच हवा. म्हणजे मालकाने १०:३० ला प्रामाणिकपणे मोकळा केलेला कोपरा १२:३० ला सरकारी यंत्र बंद करतं. मालकाने आपलं काम केलं, चालकाने आपलं काम केलं, आणि दोघांच्या कामाच्या जोडावर ६८ वर्षांची बाई अर्ध्या गॅलनच्या दोन बाटल्या घेऊन उभी. यात कुणी कामचुकार नाही. जो क्रम आखला आहे त्यातच ही खोट आहे.

खात्याकडे यासाठी माणसं आहेत, हेही सांगायला हवं. मोठ्या वादळानंतर तासावर पैसे देऊन हंगामी मजूर घेतले जातात. बसथांबे, क्रॉसवॉक (रस्ता ओलांडायच्या जागा) आणि आग विझवायचे नळ फावड्याने मोकळे करणं हेच त्यांचं काम. कल्पना उत्तम आहे. पण त्या रविवारी दुपारपर्यंत आमच्या पट्ट्यात ते दिसले नाहीत. आम्हाला वाट करून दिली ती शेजारच्या मिठाईच्या दुकानातल्या दोन पोरांनी. त्यांनी फावडी आणली, दहा मिनिटं घाम गाळला, काकूंना "आंटी, अब आइए" म्हणाले आणि आत गेले. पुढच्या दोन कोपऱ्यांवर कुणी नव्हतं. तिथे मी आधी सामान पलीकडे ठेवून आलो, मग काकूंना नेलं. पाऊण किलोमीटरला तासाच्या आसपास वेळ गेला.

क्वीन्सला हे नवं नाही

या बरोची बर्फाशी जुनी तक्रार आहे. फेब्रुवारी १९६९ मध्ये सेंट्रल पार्कात १५ इंच बर्फ पडला, २०१६ च्या मानाने बराच कमी. पण क्वीन्समधले रस्ते आठवडाभर उकरले गेले नाहीत. शहराची बरीचशी बर्फयंत्रं नादुरुस्त पडून होती. त्या वादळात शहरात ४२ माणसं दगावली आणि त्यांतली निम्मी क्वीन्समधली होती. महापौर जॉन लिंडसे इथे पाहणीला आले तेव्हा लोकांनी त्यांना तोंडावर सुनावलं. मॅनहॅटन आधी, आम्ही नंतर, ही इथल्या माणसांच्या मनातली गाठ तेव्हापासूनची आहे.

२०१६ ला १९६९ म्हणणं अन्यायाचं होईल. मुख्य रस्ते रविवारी सकाळी वाहते होते, सोमवारी शाळा उघडल्या. पण गाठ पुन्हा दुखली. सनीसाइड, वुडसाइड, कोरोना, एल्महर्स्ट, जॅक्सन हाइट्समधल्या आतल्या रस्त्यांवर प्लाऊ पोचले नसल्याच्या तक्रारी आल्या. मॅनहॅटनमध्ये रविवारी ब्रॉडवेच्या नाटकांचे खेळ पुन्हा सुरू झाले होते. क्वीन्समध्ये काम कमी पडलं हे महापौर बिल डी ब्लासिओ यांनी मान्य केलं, जादा यंत्रं इकडे वळवली आणि सोमवारी स्वतः येऊन गेले.

माझी हरकत वेगळी आहे. सगळी चर्चा "किती रस्ते प्लाऊ झाले" याच मापाने झाली. २०१० च्या फजितीनंतर शहराने प्लाऊंवर जीपीएस बसवलं आणि कुठल्या रस्त्यावरून यंत्र शेवटचं कधी गेलं हे दाखवणारा नकाशा लोकांसाठी खुला केला. फार चांगलं पाऊल. त्या नकाशात रविवारी दुपारी ३७ वा अॅव्हेन्यू साफ झालेला दिसत असणार, आणि तो साफ होताच, मोटारीतून बघितलं तर. कोपऱ्यांचा नकाशा नाही. जे मोजलंच जात नाही त्याची तक्रार कुठल्या रकान्यात लिहायची? आणि ज्या बरोत इतकी कुटुंबं मोटारीशिवाय राहतात तिथे मोटारीच्या काचेतून दिसणारी स्वच्छता हे अपुरं माप आहे.

इतर ठिकाणी हे वेगळ्या रीतीने केलं जातं. माँट्रियलमध्ये फुटपाथ महापालिका स्वतः साफ करते, त्यासाठी फुटपाथवर मावणारी अरुंद यंत्रं आहेत. मोठ्या हिमवर्षावानंतर कडेचे ढीग तसेच न ठेवता ट्रकांत भरून उचलून नेले जातात. त्याला खर्च येतो आणि तिथले लोक तो कराच्या रूपाने सोसतात, कारण तिथे असा बर्फ दर हिवाळ्यात अनेकदा पडतो. न्यूयॉर्कने तेवढी यंत्रं विकत घेऊन ठेवावीत असं मी म्हणणार नाही. स्वीडनमधल्या कार्ल्सकूगा या गावाने बिनखर्चाची गोष्ट केली. कामाचा क्रम तपासताना त्यांच्या लक्षात आलं की आधी मोठे रस्ते आणि शेवटी फुटपाथ या क्रमाचा फायदा मोटार चालवणाऱ्यांना, म्हणजे जास्त करून पुरुषांना होतो. पायी, बाबागाडी ढकलत, पाळणाघर करून पुढे जाणाऱ्यांत बायका जास्त. त्यांनी क्रम उलटा केला. तीन इंच बर्फातून मोटार जाते, बाबागाडी जात नाही, एवढाच त्यामागचा तर्क. हे वाचलं तेव्हा मला आमच्या कोपऱ्यावरची ती बाई आठवली.

संध्याकाळ आणि पुढे

हळदीकुंकू झालं. दूरच्या कुणी आल्या नाहीत. इमारतीतल्या सगळ्या आल्या, कारण त्यांना कोपरा ओलांडायचा नव्हता. समोरच्या इमारतीतल्या दोघी आल्या, एक रस्ता ओलांडून, मुलांचे हात धरून. सूर्य मावळला तसं डबक्यांचं पाणी गोठायला लागलं होतं, म्हणून त्या लवकर उठल्या. खिचडी आणि मसाला दूध उरलं, उरलेले वाण काकूंनी फेब्रुवारीसाठी बांधून ठेवले. दुसऱ्या दिवशी त्यांचे गुडघे सुजले. त्यानंतर चार-पाच दिवस त्या बाहेर पडल्या नाहीत. सामान शेजारपाजारचे आणून देत होते. ज्यांचा असा शेजार नाही ते काय करत असतील, हा प्रश्न मला तेव्हापासून छळतो. जॅक्सन हाइट्स आणि एल्महर्स्टमध्ये एकटी राहणारी म्हातारी माणसं खूप आहेत, अनेक भाषांची, आणि रोजच्या खरेदीसाठी पायांवर अवलंबून असलेली.

मला तीन बदल हवे आहेत, आणि तिन्ही आत्ताच्या व्यवस्थेत बसणारे आहेत. हंगामी मजुरांची पाळी प्लाऊच्या फेरीला बांधावी. बाजाराच्या रस्त्यावरून यंत्र गेलं की तासाभरात फावडी त्याच्या मागे यायला हवीत, दुसऱ्या दिवशी नव्हे. सुरुवात रेल्वे स्थानकापासून पाच मिनिटांच्या अंतरातल्या कोपऱ्यांनी करावी, कारण आमच्या भागात बहुतेक दुकानं, दवाखाने आणि औषधवाले तिथेच आहेत. रूझवेल्ट-७४ च्या स्थानकाला लिफ्ट आहे, पण लिफ्टमधून वर आलेली चाकांची खुर्ची पहिल्याच कोपऱ्यावर अडली तर त्या लिफ्टचा उपयोग काय? आणि नकाशावर रस्त्याच्या रेघेबरोबर कोपऱ्याचा ठिपकाही हवा, म्हणजे घरी बसलेल्या काकूंना निघण्याआधी कळेल की ७६ व्या रस्त्याचा कोपरा मोकळा आहे की नाही.

दुकानदारांनीही एक गोष्ट करता येईल. ७४ व्या रस्त्यावरचे व्यापारी दिवाळीत एकत्र येऊन रोषणाई करतात. वादळाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी एकदा आणि संध्याकाळी एकदा, रूझवेल्टपासून ३७ व्या अॅव्हेन्यूपर्यंतचे कोपरे त्यांनी वाटून घेतले, तर चार पाउंडांऐवजी २० पाउंडांच्या पिशव्या विकल्या जातील. मिठाईवाल्याच्या त्या दोन पोरांना दहा मिनिटं लागली होती.